माघारी फिरलेल्यांचीही बातमी व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा हंगाम आला की आपल्या पुरवण्यांमध्ये साहसी प्रवासाची वर्णने आवर्जून छापली जातात. बर्फाच्छादित शिखरावर हात उंचावून उभे असलेले गिर्यारोहक, सायकलवरून अख्खा खंड ओलांडणारे तरुण, वाळवंट पायी तुडवणारे एकांडे प्रवासी, या सर्वांची छायाचित्रे आणि मनोगते मी आस्थेने वाचते. 'या प्रवासाने मला बदलले' हे वाक्य त्यांत हमखास असते आणि ते मनापासून लिहिलेले असते याविषयी मला शंका नाही. मात्र तो बदल नेमका कुठे, कशामुळे आणि किती कष्टांनी घडला हे त्या मजकुरात क्वचितच सापडते. निघण्यापूर्वीचे सहा-आठ महिने एका ओळीत उरकलेले असतात, आणि जे शिखराच्या अलीकडूनच परत आले त्यांचा तर उल्लेखही नसतो. उंच डोंगरांतल्या भटकंतीसाठी नवख्या मंडळींची तयारी करून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. त्या अनुभवातून माझे असे मत झाले आहे की साहसातून माणूस जो काही घडतो, तो बहुतांशी तयारीच्या काळात आणि वाटेतल्या दोन-चार अवघड निर्णयांच्या वेळी घडतो. शिखरावरच्या त्या थोड्या क्षणांचा त्यात फारसा वाटा नसतो. हे मत आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडता यावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

एखादा प्रवास साहसी आहे की नाही, हे केवळ उंचीवरून किंवा अंतरावरून ठरवू नये. काही बिघडले तर मदत पोहोचायला किती वेळ लागेल, हा प्रश्न त्यासाठी अधिक उपयोगी पडतो. घरापासून तासाभरावरच्या टेकडीवर पाय मुरगळला तर संध्याकाळपर्यंत डॉक्टर भेटतो. तोच पाय रस्त्यापासून तीन दिवसांच्या चालीवर मुरगळला तर साऱ्या चमूचे वेळापत्रक, पाणी, इंधन आणि मनःस्थिती बदलून जाते. म्हणून माझ्याकडे कोणी नवा प्रवासी आला की त्याने निवडलेल्या मार्गावरच्या प्रत्येक मुक्कामापुढे मी त्याला तासांचा आकडा लिहायला लावते. इथून जवळचा दवाखाना किती तासांवर, गाडीरस्ता किती तासांवर, संपर्काचे साधन किती तासांवर. हा कागद भरताना अनेकांचा चेहरा गंभीर होतो आणि ते मला चांगले लक्षण वाटते, कारण आपण कशात पाऊल टाकत आहोत याची पहिली खरी जाणीव त्यांना त्या कागदावरच होते.

तयारीचे महत्त्व सांगताना दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीकडे वळण्याचा मोह मला आवरत नाही, आणि तो आवरावा असेही वाटत नाही, कारण त्या इतिहासात या विषयाचे जवळपास सगळे धडे आहेत. नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन यांचा पाच जणांचा चमू १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचला. त्याआधी, १९११ च्या पहिल्या काही महिन्यांत, त्यांनी ८०, ८१ आणि ८२ अक्षांशांवर परतीच्या वाटेसाठी अन्नाचे व इंधनाचे साठे करून ठेवले होते. ते साठे पांढऱ्या सपाटीवर धुक्यात सापडणार कसे, हा प्रश्न त्यांनी निघण्यापूर्वी सोडवला. साठ्याच्या दोन्ही बाजूंना, प्रवासाच्या दिशेला आडवी अशी, कित्येक किलोमीटर लांबीची झेंड्यांची रांग त्यांनी उभारली. झेंड्यांवर अशा खुणा केल्या होत्या की त्यांपैकी एखादा जरी दिसला, तरी साठा कोणत्या बाजूला आहे हे कळावे. आपण वाट चुकणार, हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था होती. स्वतःच्या चुकण्याला आधीच जागा करून ठेवायला फार मोठी नम्रता लागते आणि आमुंडसेन यांच्या यशाचे मूळ मला त्या नम्रतेत दिसते.

त्याच शर्यतीतले ब्रिटिश नेते रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांच्या मोहिमेचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. ते १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले आणि परतीच्या वाटेवर मार्चच्या अखेरपर्यंत त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा अंत झाला. त्यांचा मुख्य साठा ८० अक्षांशावर ठेवायचा बेत होता, पण तट्टे थकल्यामुळे तो सुमारे अर्धा अंश अलीकडेच ठेवावा लागला. ते शेवटच्या तंबूत अडकले तेव्हा तो साठा सुमारे २० किलोमीटरांवर होता. स्कॉट यांना नालायक ठरवण्याची जी पद्धत मधल्या काळात पडली, ती मला मान्य नाही. त्या मार्चमध्ये थंडी असामान्य होती, त्यांच्या चमूने शास्त्रीय निरीक्षणांचे मोलाचे काम केले होते आणि अखेरच्या दिवसांतही त्यांनी गोळा केलेले खडकांचे नमुने टाकून दिले नाहीत. परंतु तयारीच्या काळात केलेली एक तडजोड वर्षभरानंतर कशी समोर येऊन उभी राहते, हे त्या २० किलोमीटरांइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही.

याच कथेतला कमी ऐकला जाणारा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. इतकी काटेकोर तयारी करणाऱ्या आमुंडसेन यांनाही घाई आवरली नव्हती. स्कॉट आपल्या आधी निघतील या धास्तीने ते ८ सप्टेंबर १९११ रोजी, हिवाळा पुरता ओसरण्याआधीच निघाले. तापमान उणे ५० अंशांच्याही खाली गेले, कुत्र्यांचे हाल झाले, माणसांच्या टाचा हिमदंशाने सुजल्या आणि सर्वांना तळावर परत यावे लागले. परतताना चमूची फाटाफूट झाली, काही जण मागे राहिले आणि एका अनुभवी सहकाऱ्याने नेत्याला सर्वांसमोर खडसावले. खरी मोहीम निघाली ती ऑक्टोबरमध्ये, लहान चमू घेऊन. पहिल्या खेपेला त्यांनी हट्टाने पुढे रेटले असते, तर आज त्यांचे नाव कोणत्या यादीत असते हे सांगायला नको. इतिहासाने त्यांचे ध्रुवावर पोहोचणे लक्षात ठेवले, मात्र त्या पोहोचण्याला सप्टेंबरमधल्या माघारीनेच वाट करून दिली होती.

आता शरीराच्या तयारीविषयी. व्यायामशाळेत वजने उचलणारे अनेक तरुण पहिल्या मोठ्या उतारावर गुडघे धरून बसतात, हे मी नेहमी पाहते. चढताना श्वास लागतो, म्हणून सगळे दमाचीच काळजी करतात. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात आणि या कामाची त्यांना वेगळी सवय लावावी लागते. त्यासाठी पाठीवर भरलेली सॅक घेऊन जिने चढावेत आणि त्याहून अधिक लक्षपूर्वक उतरावेत. आणखी एक गोष्ट घाईच्या लोकांच्या ध्यानात राहत नाही. दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायू त्यामागोमाग बळकट होतात, पण कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे पट्टे) आणि अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारे पट्टे) फार सावकाश तयार होतात. म्हणूनच 'मला आता काहीच त्रास होत नाही' असे वाटू लागते, तेव्हाच दुखापतीची शक्यता वाढलेली असते. चार-सहा महिने हा कालावधी त्या धीम्या अवयवांसाठी द्यायचा असतो. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला डोंगर सवलत देत नाही.

उतरण्याविषयी इतके लिहिण्याचे कारण असे की 'पोहोचलो' हा शब्द मनात उमटला की माणूस सैल पडतो. १४ जुलै १८६५ रोजी ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर आणि त्यांचे सहा साथीदार आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर पहिल्यांदा पोहोचले. त्याच दिवशी उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि सातांपैकी चार जण दरीत गेले. पुढच्या दीडशे वर्षांत साधने कितीतरी सुधारली, तरी थकलेल्या पायांनी आणि निर्धास्त मनाने उतरणाऱ्या माणसाचा धोका फारसा बदललेला नाही.

पायांतल्या बुटांची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण माझ्या लेखी ती चारित्र्याची परीक्षा आहे. नवा बूट कितीही महागडा असला, तरी तो महिना-दोन महिने रोज घालून, ओला करून, वाळवून, उतारावर चालवून पायाशी जमवून घ्यावा लागतो. चालताना टाचेवर किंवा करंगळीच्या बाजूला एक बारीकशी ऊब जाणवू लागते. त्या क्षणी कातडी नुसती लालसर झालेली असते. तेव्हाच थांबून, बूट काढून, मोजा उलटा करून त्यातला खडा झटकावा, पाय कोरडा करावा आणि त्या जागेवर चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावावी. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. पण पुढचे लोक चालत असतात, त्यांना थांबवायचा संकोच वाटतो, 'पुढच्या मुक्कामावर बघू' असे मन म्हणते आणि संध्याकाळी तिथे पाण्याने टरारलेला फोड असतो. त्या पाच मिनिटांसाठी 'जरा थांबा' असे मोठ्याने म्हणता येणे, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांना दोरीच्या गाठींइतकेच नेटाने शिकवते. रोजच्या जीवनात ज्यांना स्वतःसाठी कधी थांबा म्हणता आले नाही, अशा स्त्रियांना आणि पुरुषांनाही, हे दोन शब्द उच्चारायला पुष्कळ दिवस लागतात. एकदा ते जमले की त्यांच्या वागण्यात पडलेला फरक घरच्यांनाही दिसतो.

उंचीचा विषय यापेक्षा गंभीर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० मीटरांवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. २,५०० मीटरांच्या पुढे कोणालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो आणि त्यात तंदुरुस्तीचा काही उपयोग होत नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने वर जातो आणि अधिक अडचणीत येतो. म्हणून ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे म्हणजे मेंदूला सूज येत असल्याचा इशारा, आणि बसल्या जागी धाप लागणे म्हणजे फुप्फुसांत पाणी साचत असल्याचा. अशा वेळी खाली उतरणे हाच खरा उपाय. औषधे आणि प्राणवायू हे त्या उतरण्याला हातभार लावण्यासाठी असतात, ते टाळण्यासाठी नव्हे.

हे नियम कागदावर पाठ असूनही मोडले जातात, आणि ते का मोडले जातात हे मला एका प्रसंगाने नीट समजले. आमच्या एका गटात एक तरुण होता. सर्वांत चपळ, सर्वांना मदत करणारा, प्रत्येक मुक्कामावर पहिला पोहोचणारा. सुमारे ४,००० मीटरांवरच्या तळावर सकाळी तो नेहमीपेक्षा गप्प होता. विचारले तर 'छान आहे' म्हणाला. त्याच्या तंबूतल्या सोबत्याने मला बाजूला घेऊन सांगितले की हा दोन रात्री डोके धरून बसला आहे आणि कोणाला सांगू नको अशी शपथ घातली आहे. मी त्याला जमिनीवरच्या सरळ रेषेवर, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत चालायला सांगितले. चौथ्या-पाचव्या पावलाला तो बाजूला कलला, हसला, पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा कलला. त्याच क्षणी एक सहकारी सोबत देऊन त्याला खाली पाठवले. सातशे मीटर उतरल्यावर संध्याकाळपर्यंत त्याचे डोके शांत झाले होते. नंतर त्याने मला सांगितले की त्याला दुखण्याची भीती नव्हतीच. आपल्यामुळे गट अडेल आणि आपण कच्चे ठरू, याची भीती होती. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, तेव्हा रोज सकाळी प्रत्येक तंबूपाशी जाऊन डोके दुखते का, झोप लागली का, हे विचारण्याचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले. ज्यांना सांगायला संकोच वाटत होता ते त्याला सांगत, कारण तो स्वतः कसा खाली उतरला होता हे तो त्यांना आधी सांगे. आपल्या पुरवणीतल्या छायाचित्रांत हा तरुण कधी दिसणार नाही, तरीही साहसाने माणूस घडतो याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

नकाशा, होकायंत्र आणि हिशेब यांची सवय हाही तयारीचाच भाग आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही कामाला येतो: दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरावा. ओझे, वारा, बर्फ आणि गटातला सर्वांत हळू चालणारा माणूस यांमुळे हा वेळ वाढतो, म्हणून प्रत्येकाने सरावाच्या वाटांवर स्वतःचा आडाखा काढून वहीत लिहून ठेवावा. मोबाइलवरचा नकाशा उत्तम असतो, पण थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरते. रात्री फोन झोपण्याच्या पिशवीत अंगाशी ठेवावा आणि कागदी नकाशा सोबत असावाच. मार्गाची प्रत आणि 'अमुक दिवशी अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर अमुक ठिकाणी कळवा' अशी लेखी सूचना मागे राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे द्यावी. संकटात मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीचा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा डोंगरांतला आंतरराष्ट्रीय संकेत आहे; त्याला उत्तर म्हणून मिनिटाला तीन संकेत येतात. उपग्रहाद्वारे निरोप पाठवणारे उपकरण नेत असल्यास ते वापरण्याचा सराव अंधारात आणि हातमोजे घालून करावा. विम्याची कलमेही वाचावीत, कारण ठरावीक उंचीपुढचा प्रवास किंवा हेलिकॉप्टरने होणारी सुटका अनेकदा त्यात धरलेली नसते.

पहिला प्रवास कोणता निवडावा, असे मला पुष्कळ जण विचारतात. माझा आग्रह असा असतो की एका वेळी एकच गोष्ट नवी असावी. पहिल्यांदाच कडक थंडी अनुभवायची असेल तर उंची ओळखीची असावी. पहिल्यांदाच एकट्याने जायचे असेल तर वाट पायाखालची असावी. पहिल्यांदाच दोराचे काम असेल तर सोबत मुरलेला माणूस असावा. थंडी, उंची, एकटेपण आणि अपरिचित तंत्र या चारही गोष्टी एकाच प्रवासात पहिल्यांदा भेटल्या, तर त्या माणसाला काही शिकवत नाहीत, नुसत्या दमवतात. ही पायरीपायरीची वाट कंटाळवाणी वाटते हे मला मान्य आहे, तरी मी त्यात सूट देत नाही.

याहून अवघड तयारी मनाची. चढाईला निघताना परत फिरण्याची वेळ ठरवून घेतात: कुठेही असू, अमुक वाजले की मागे वळायचे. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर अनेक जण दुपारी दोन वाजून गेल्यानंतरही वर जात राहिले. संध्याकाळी वादळाने गाठले आणि त्या एका दिवस-रात्रीत पर्वतावर आठ जणांनी प्राण गमावले. त्यांच्यात अतिशय अनुभवी मार्गदर्शक होते. त्याच दिवशी काही गिर्यारोहकांनी वाटेतली गर्दी पाहून दुपारच्या आत माघार घेतली आणि ते सुखरूप खाली आले. त्याच हंगामात, स्वीडनहून सायकलने काठमांडूपर्यंत येऊन एव्हरेस्टच्या पायथ्याशी पोहोचलेले गिर्यारोहक यॉरन क्रोप हे शिखर आवाक्यात दिसत असताना वेळ टळली म्हणून मागे वळले होते. मे संपण्यापूर्वी ते पुन्हा चढले आणि शिखरावर पोहोचले. हजारो किलोमीटर सायकल हाकून आलेल्या माणसाला शेवटच्या टप्प्यावर मागे वळताना काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहावी. जितका खर्च, जितके कष्ट, जितक्या लोकांना सांगून निघालो तितके मागे वळणे कठीण होते, आणि म्हणूनच तो निर्णय वर, विरळ हवेत, थकलेल्या मेंदूवर सोडायचा नसतो. तो खाली, तंबूत, सर्वांनी मिळून आणि मोठ्याने बोलून घ्यायचा असतो. आम्ही तर निघण्यापूर्वी प्रत्येकाला आपापल्या माघारीची कारणे लिहून वाचून दाखवायला लावतो. स्वतःच्या हाताने लिहिलेले आणि चार जणांनी ऐकलेले वाक्य मोडणे माणसाला जड जाते.

तेनसिंग नोर्गे यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. ते १९३५ च्या मोहिमेत ओझी वाहणारा तरुण म्हणून एव्हरेस्टवर पहिल्यांदा गेले. पुढे अनेक मोहिमा झाल्या. मे १९५२ मध्ये स्विस गिर्यारोहक रेमों लाम्बेर यांच्यासोबत ते सुमारे ८,६०० मीटरांपर्यंत पोहोचले, तोवर कोणीही गेले नव्हते इतक्या उंचीवर, आणि तिथून दोघे परत फिरले. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी यांच्यासह ते शिखरावर उभे राहिले, तेव्हा लाम्बेर यांनी भेट दिलेला तांबडा मफलर त्यांच्या गळ्यात होता. १९५२ ची माघार वजा केली तर १९५३ चे यश उरत नाही, असे मला मनापासून वाटते. आणि त्यांच्या आयुष्याचा आरंभ ओझे वाहण्यातून झाला, हेही विसरू नये. आजही अनेक मोहिमांचा भार स्थानिक पोर्टर आणि मार्गदर्शक वाहतात. आपल्या सॅकचे वजन दुसऱ्याच्या पाठीवर असेल, तर त्याच्या पायांत नीट बूट आहेत का, त्याला रात्री उबदार जागा आहे का, तो आजारी पडला तर त्यालाही तितक्याच तातडीने खाली नेले जाईल का, हे विचारणे प्रवाशाचे कर्तव्य आहे. जो प्रवासी हे विचारत नाही त्याची वाढ झाली असे मी म्हणणार नाही, तो कितीही उंच जाऊन आलेला असो.

प्रवास आपोआप माणसाला मोठा करतो, हा समज मात्र मला पटत नाही. दूरदूरच्या वाटा तुडवून आलेले, पण पूर्वीइतकेच उतावळे आणि आत्मकेंद्री राहिलेले लोक मी पाहिले आहेत. अनुभवाचे शिक्षणात रूपांतर व्हायला त्याच्याकडे वळून पाहावे लागते. मी प्रत्येकाला रोज रात्री वहीत चार ओळी लिहायला सांगते: आज कोणता निर्णय घेतला, त्या वेळी काय माहीत होते, काय माहीत नव्हते आणि दुसरा पर्याय कोणता होता. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असे नसते. हवा सुधारल्यामुळे निभावून गेलेली बेपर्वाई पुढच्या वेळी निभावेलच असे नाही. हा फरक ज्याला वहीत दिसू लागतो, त्याला तो पुढे नोकरीत, पैशांच्या व्यवहारात आणि नातेसंबंधांतही दिसतो. वादळात दोन दिवस तंबूत अडकून पडल्यावर चिडचिड न करता बसून राहणे, आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या प्रमुखाचे ऐकणे आणि त्याचे चुकत असेल तेव्हा नेमक्या शब्दांत विरोध करणे, या गोष्टीही तिथेच अंगवळणी पडतात.

परतल्यानंतरच्या दिवसांविषयी तर कोणीच लिहीत नाही. महिनोन्महिने ज्या तारखेसाठी जगलो ती उलटून गेली की मन रिकामे होते, रोजचे काम निरस वाटते, आणि त्या रितेपणातून सुटण्यासाठी काही जण लगेच अधिक धोकादायक बेत आखतात. नव्या प्रवाशांना हे आधी सांगून ठेवले तर ते या काळात बावरत नाहीत. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी अभिलाष टॉमी यांचे उदाहरण अशा वेळी मी पुढे ठेवते. २०१८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत हिंदी महासागरातल्या वादळाने त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांची सुटका करावी लागली. शस्त्रक्रिया, पुन्हा चालायला शिकणे, नव्या नौकेची जुळवाजुळव असा चार वर्षांचा काळ गेला, आणि त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेत, एप्रिल २०२३ मध्ये, त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने प्रदक्षिणा पूर्ण केली. त्या दोन तारखांच्या मधली वर्षे मला शर्यतीइतकीच थोर वाटतात.

म्हणून आपल्याकडे माझी विनंती आहे. साहसी प्रवासाचे वृत्त छापताना त्या माणसाला तयारीविषयी नीट विचारावे: किती महिने, काय काय, कुठे अडले, कोणाकडून शिकले. गटातले कोण कुठून आणि का परतले, हे त्यांच्या संमतीने लिहावे. अपघाताची बातमी देताना 'निसर्गाचा कोप' किंवा 'अतिउत्साह भोवला' एवढ्यावर न थांबता निर्णयांची साखळी कुठे तुटली हे जाणकारांकडून समजून घेऊन छापावे. त्यात मृतांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा अवमान होऊ नये याची काळजी अर्थातच घ्यावी. आज ही वर्णने वाचून एखादी सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपल्या पहिल्या मोठ्या प्रवासाची स्वप्ने पाहत असेल. तिच्यासमोर केवळ शिखरांची छायाचित्रे राहिली, तर वाटेत पाय फोडाने जळत असताना ती थांबणार नाही, डोके दुखत असताना सांगणार नाही.

आपण असे सदर सुरू करण्याचे ठरवल्यास तयारीच्या वह्या, वेळेचे आडाखे आणि माघारीची टिपणे देण्यास माझ्या परिचयातले अनेक गिर्यारोहक तयार आहेत. त्यांतले पुष्कळ जण ठरवलेल्या शिखरापर्यंत पोहोचलेले नाहीत. त्यांचे लेखन पोहोचलेल्यांच्याच पानावर आणि तेवढ्याच जागेत छापले जावे, एवढे आश्वासन त्यांना आपल्याकडून हवे आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक